झून देदचा कोंबडा आणि त्या सालचा पहिला बर्फ

आमच्या गावात झून देदच्या, म्हणजे झून आजीच्या, हातून काही घ्यायचं, तर ते आधी चारी बाजूंनी फिरवून बघावं लागायचं. एरवी बाई लाखात एक. कुणाच्या घरी पाळणा हलला की पहिली ही हजर, कुणाचं माणूस गेलं तर समोवारात मिठाचा चहा उकळायलाही हीच. पण हिवाळा तोंडावर आला, ढग डोंगराच्या खांद्यावर येऊन बसले, की देदच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक यायची. मग लोक तिच्यापासून दोन हात लांब चालायचे.

कारण आमच्याकडची रीतच तशी. पहिला बर्फ पडला की त्या दिवशी एकानं दुसऱ्याला फसवून, कशात तरी लपवून, बर्फ द्यायचा. समोरच्यानं नकळत हातात घेतला की तो हरला. मग त्यानं देणाऱ्याला आणि सगळ्या आळीला जेवण घालायचं. ज्याच्या घरात कोंबडा असेल त्यानं कोंबडा कापायचा. आणि रागवायचं नाही.

देद आळीतल्या घराघरात अशी जेवून आलेली. रोट्या भाजणाऱ्या सुभान नानवाईला तिनं त्याच्याच पिठाच्या परातीत बर्फ घालून दिला होता. मला तर माझी स्वतःची टोपी दिली. "रस्त्यात पडली होती बघ, सांभाळत जा जरा," म्हणाली. मी टोपी घेतली, वर तिला दुवा दिली आणि डोक्यावर घालून मोकळा झालो. पुढचं सांगत नाही. ती गोष्ट माझी बायको जास्त रंगवून सांगते.

तिला मात्र कुणी फसवू शकलं नव्हतं. ढग दिसले की ती हातात काही घ्यायचीच नाही. साधं मीठ आणून दिलं तरी म्हणायची, "ठेव उंबऱ्यावर, आणि मागं हो."

तर देदच्या घरात माणसं दोनच, एक ती, आणि दुसरा तिचा कोंबडा. त्याला सगळे तहसीलदार म्हणत, कारण मान वाकडी करून तो कुणाच्याही अंगणात पाहणी करत फिरायचा. देदच्या एका बाजूला माझं घर, माझ्या पलीकडे खझरचं. पहाट व्हायच्या बरीच आधी तहसीलदार आरवायचा आणि खझर खिडकी उघडून शिव्या द्यायचा.

"देद, ह्याला एक दिवस मी शलगमाबरोबर शिजवून खाणार."

"आधी तोंडात दात किती उरलेत ते बघ," देद आतून म्हणायची. "तो म्हातारा आहे, तुला चावायचा नाही."

त्या साली एका दुपारी आभाळ खाली उतरलं आणि बर्फ पडायला लागला. मोठा, संथ, कापूस पिंजल्यासारखा. बघता बघता गवताच्या गंज्या पांढऱ्या झाल्या. देद झऱ्यावरून घागर घेऊन येत होती, ओठ निळे पडलेले. खझर दारातच उभा होता.

"अगं, किती गारठलीस. घागर ठेव खाली, ही घे."

आणि त्यानं निखारे ठेवायची वेताची कांगडी पुढं केली. आता थंडीत कुणी कांगडी पुढं केली तर आमच्याकडचा माणूस विचार करत बसत नाही. डोकं जागं व्हायच्या आत हात पुढं होतो. देदनं वेताची मूठ धरली, कांगडी अंगातल्या पायघोळ फेरनच्या आत ओढली आणि पोटाशी घट्ट लावली.

मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून तहसीलदारसुद्धा गप्प झाला. वर राखेचा पातळ थर होता आणि खाली काठोकाठ दाबून भरलेला बर्फ.

"पहिला बर्फ मुबारक, देद," खझर म्हणाला. "कोंबडा उद्या की आजच?"

सगळी आळी हसत बाहेर आली. देद पायरीवर बसली. तहसीलदार आपणहून येऊन तिच्या मांडीवर चढला, आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हसणाऱ्यांचा आवाज हळूहळू खाली आला. रीत मोडायची कशी, आणि त्या घरातनं तो कोंबडा उचलायचा तरी कुणी?

थोड्या वेळानं देदनं मान वर केली.

"हा पहिला बर्फ नव्हे."

"काय?"

"परवा पहाटे पडला. हा दुसरा. दुसऱ्या बर्फाला जेवण नसतं."

आता सांगतो, आमच्या गावाला उतार असा की वरच्या आळीत माणसाची दाढी पांढरी होते तेव्हा खालच्या आळीत मिरच्या वाळत पडलेल्या असतात. म्हणून मग एकेकाला विचारणं सुरू झालं. माझं घर मधलं, तेव्हा निवाडा माझ्याकडे आला. बर्फ पडतोय, आम्ही सगळे कांगड्या पोटाशी धरून उभे, आणि परवा बर्फ पडला की नाही ह्यावर भांडतोय.

सुभान म्हणाला, "मी पहाटे भट्टी पेटवतो. परवा सरपण भिजलेलं होतं, पण पांढरं नव्हतं."

"तुझं सरपण छपराखाली असतं," देद म्हणाली. "तिथं बर्फ तुझी परवानगी काढून येणार का?"

खालच्या आळीतली एकजण म्हणाली, दोरीवरचे कपडे कडक झाले होते, त्यापलीकडे काही नाही. मला स्वतःला अक्रोडाच्या बेचक्यात काहीतरी पांढरं दिसलं होतं, पण शपथ घेण्याइतकं नाही. आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाला रस्सा दिसत होता, त्यामुळे परवाचा बर्फ कुणालाच नीट आठवत नव्हता.

"दंव होतं ते," खझरनं निकालच लावला. "थंडीनं गोठलेलं दंव. मी तेव्हा जागा होतो, ह्या कोंबड्याच्याच कृपेनं. माझ्या ओसरीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ह्याचे पंजे उमटले होते. तेव्हाच देदच्या दारात जाऊन बोलून आलो मी."

वरच्या खिडकीतून त्याची बायको मुख्ती बघत होती. ती म्हणाली, "दंव होतं, तर मग माझ्याकडून काय झाडून घेतलंत? पीठ?"

"तू आत जा."

"पंजे दिसायला नकोत म्हणून ओसरी झाडायला लावलीत. ढीग करून मी मोरीत लोटला. बोटं बधिर झाली माझी."

मी खझरकडे पाहिलं. दंव खरवडता येतं, पण झाडूनं त्याचा ढीग होत नाही. हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं. सुभाननं उगाच बर्फाकडे बघायला सुरुवात केली.

"परवा पडला," मी म्हणालो. "तहसीलदार सुटला."

देदनं कोंबड्याला खाली सोडलं आणि फेरन झटकलं.

"आता दुसरं," ती म्हणाली. "खझरा, परवा तू भांडायला आलास तेव्हा मी तुला वाळलेल्या वांग्यांचं गाठोडं दिलं. तू हातात घेतलंस?"

"घेतलं. समेटासाठी दिलंस ना."

"सोडून बघितलंस?"

"वाळवणाला आत्ताच कोण हात लावतो? माळ्यावर खुंटीला टांगलंय."

हे ऐकताच मुख्तीला असं हसू फुटलं की तिला खिडकीची चौकट धरावी लागली. "म्हणून," ती म्हणाली. "म्हणून उशीवर टपटप. आणि हे काल दिवसभर पत्र्यावर चढून ठाकठोक करत होते. भोक सापडत नाही म्हणून पत्रेवाल्याला शिव्या."

गाठोडं खाली आलं. मी सर्वांसमोर सोडलं. कडेची वांगी खडखडीत कोरडी. मधली मात्र पाणी पिऊन अशी फुगलेली, जणू आत्ताच झाडावरून तोडली. छप्पर गळलं असतं तर आधी कडेची भिजली असती. हा बर्फ मधोमध बांधलेला होता.

"मी वाट बघून थकले," देद म्हणाली. "आज उघडेल, उद्या उघडेल. इतका चिकट माणूस असेल असं वाटलं नव्हतं."

खझरनं एक फुगलेलं वांगं उचलून पिळून बघितलं. मग रीतीप्रमाणे हसला. जरा उशीर लागला, पण हसला. त्याच्याकडे कोंबडा नव्हता, बदक होतं.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही सगळे त्याच्या घरी दाटीवाटीनं बसलो. बाहेर बर्फ खिडकीच्या खालच्या कडेला टेकला होता. मुख्तीनं बदक शलगम घालून शिजवलं होतं, आणि तो वास मला आजही कधी कधी झोपेत येतो. देद सगळ्यात शेवटी आली. फेरनखाली पोटाशी काहीतरी धरून. आम्हाला वाटलं, कांगडी.

खझर वाढत तिच्यापर्यंत आला आणि फेरनच्या आतून तहसीलदार आरवला.

खझरनं पळी पुन्हा भांड्यात बुडवली. "देद," तो म्हणाला, "ह्यालाही वाढू का?"

"नुसतं शलगम वाढ," देद म्हणाली. "बदक त्याच्या ओळखीचं होतं."