डेल झर्बीचा शॉर्टस्टॉप

डेल झर्बीबद्दल आता कुणी गोड बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मी बार सांभाळते, त्यामुळे कोण कधी काय बोललं ते मला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. "काय नजर होती डेलची!" म्हणे. मेल्यावर नजर आली होय रे त्याला? जिवंत होता तेव्हा याच टेबलाभोवती बसून तुम्ही त्याला तीन वर्षं मूर्ख म्हणत होता. तुमचे ग्लास मीच भरत होते.

डेल रेल्वेच्या कारखान्यात वेल्डर होता. उंच, खांद्यात वाकलेला, बोलण्यात कंजूष. एका बियरवर अख्खा सामना काढायचा आणि उठताना स्टूल जागेवर सरकवून जायचा. त्याची बायको लोर्ना शाळेची बस चालवते. तिने आरशात नुसतं बघितलं तरी मागच्या सीटवरची मारामारी थांबते. या दोघांचं जमतं कसं, हे गावाला कोडं होतं. मला नव्हतं. ती तासभर बोलायची, तो ऐकायचा, आणि शेवटी असं एखादं वाक्य टाकायचा की ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची.

त्याला नाद एकच, आमच्या हॉलमधली बेसबॉलची कागदी लीग. दहा जणांचे दहा संघ. खेळाडू खरे, मोठ्या लीगमधले. मालक मात्र आमचे हे वेल्डर, सुतार आणि विमा विकणारे. मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी लिलाव होतो. मग उन्हाळाभर तो खेळाडू खऱ्या मैदानावर जे करेल, त्याचे गुण ज्याच्या त्याच्या कागदी संघाला. पण सगळा संघ दरवर्षी नव्याने घ्यायचा नसतो. पाच जुने खेळाडू राखता येतात, आणि त्याखेरीज तीन होतकरू पोरं, जी अजून मोठ्या लीगपर्यंत पोचलेलीच नाहीत. खरी अक्कल लागते ती ही पोरं निवडायला. पोरगा वर पोचला तर फुकटात घेतलेला हिरा वर्षानुवर्षं तुमचा. नाही पोचला तर जागा वाया, आणि वर चारचौघांत हसं.

बाकीचे नऊ जण पोरं कशी निवडायचे? फोनवर. कुणा शहाण्याने केलेली यादी उघडायची आणि वरून खाली वाचत यायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. डेल मैदानावर जायचा. आमच्या गावाबाहेर छोटं मैदान आहे, वर चढायच्या आधीची पोरं तिथे एखादा उन्हाळा खेळून जातात. कुणी वर जातं, बरेचसे घरी. डेल पहिल्या बेसच्या मागे बसायचा. लोर्ना शेंगा फोडत शेजारी, आणि दर थोड्या वेळाने, "संपलं का रे हे?"

तिथेच त्याला तेओ बाप्तिस्ता दिसला. शॉर्टस्टॉप, म्हणजे सगळ्यात अवघड चेंडू जिकडे येतात तिथे उभा राहणारा. एकोणीस वर्षांचा, काडीसारखा. डेलने त्याला राखला आणि हॉलमध्ये हशा पिकला.

"अरे, दहा वेळा बॅट घेऊन उभा राहतो आणि दोनदासुद्धा धड मारत नाही!" चेट वालुकस ओरडला. चेट सुतार आहे, तोंडाचा फाटका. "माझी आजी बरी त्याच्यापेक्षा. तिचा तर खुबा मोडलाय!"

"वय बघ," डेल म्हणाला.

"वयाचं काय लोणचं घालू?"

"समोरून चेंडू टाकणारे पिचर चोवीस-पंचवीसचे आहेत, हा एकोणीसचा. तरी वाईट चेंडूला बॅट लावत नाही, जाऊ देतो. मारायला शिकतात रे पोरं पुढे. सोडायला शिकत नाहीत."

"आणि हातातून चेंडू निसटतात ते?"

"निसटतात. चेंडू निसटला की बाकीची पोरं ग्लोव्हकडे बघतात, जणू ग्लोव्हनेच घाण केली. हा दोन पावलं पुढे येतो. पुढचाही चेंडू आपल्याकडेच यावा म्हणून."

एवढं लांब भाषण डेलने स्वतःच्या लग्नातही केलं नसेल. मंडळी आणखी हसली. रॉनी हाउझर तेवढा हसला नाही. तो लीगचा प्रमुख, विमा विकतो, आणि बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावायची त्याला सवय. "मित्र म्हणून सांगतो डेल, जागा वाया घालवतोयस," एवढंच म्हणाला. हा रॉनी स्वतः कुणाला राखायचा? गेल्या वर्षी गाजलेल्यांना. छत्तीस-सदतीसचे, गुडघे गेलेले, नावं मोठी. दर सप्टेंबरला तळाशी, आणि दर मार्चला पुन्हा तेच. जित्याची खोड, दुसरं काय.

तीन वर्षं डेलने तेओला राखला. पोरगा एकेक पायरी चढत गेला, अंगाने भरला, आणि गेल्या शरद ऋतूत बातमी आली की एप्रिलमध्ये तो मोठ्या लीगमध्ये उतरणार. हसणं एका दिवसात बंद झालं. जो तो डेलच्या स्टुलाशेजारी येऊन बसायला लागला. हा घे, तो घे, तेओ दे. डेलचं उत्तर एकच, "नाही." त्याच शरद ऋतूत त्याच्या स्वादुपिंडात गाठ निघाली, आणि फेब्रुवारीत तो गेला.

पुरून आल्यावरचं जेवण आमच्याच हॉलमध्ये होतं. लोर्ना कोपऱ्यातल्या टेबलाशी, हातात कागदी ताट. चेट तिच्यासाठी घरून हलुश्कीचं भांडं घेऊन आला होता, कोबी आणि नूडल्स, बायकोने लोण्यात परतलेले. भांडं ठेवलं, तिचा हात हातात घेतला, आणि म्हणतो कसा, "लोर्ना, फार वाईट झालं गं. बरं, त्या तेओचं तू काय करणारेस?"

मी ऐकलं आणि माझ्या हातातला टॉवेल त्याच्या तोंडावर मारायचं तेवढं राहिलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे कसे असतात ते मी त्या दुपारी बघितलं. चेटमागून आणखी तिघे आले. एकजण तर डेलच्या फोटोला पाठ टेकून उभा राहिला आणि तिला अदलाबदल समजावत होता.

रॉनी मात्र आला, रडला, आणि खेळाचं अवाक्षर न काढता गेला. "एकटा रॉनी माणसासारखा वागला बघ," लोर्ना मला म्हणाली. "हॉस्पिटलमध्येसुद्धा. मी दोन दिवस खुर्चीतून उठले नव्हते. रविवारी दुपारी तो आला, म्हणाला, जा, खाली जाऊन गरम काहीतरी खा, मी बसतो. अर्धा तास मी सूप पीत बसले. त्याचे उपकार मी विसरणार नाही."

मीही मान डोलावली. साळसूद माणसाला बघून मी फसले, याचा राग वेगळाच आहे.

लोर्नाला या खेळाचं प्रेम कधीच नव्हतं. "हा संघ देऊन टाक कुणाला तरी," असं मी म्हटलं तर ती एकदम उसळली.

"देईन. पण आत्ता नाही. तीन वर्षं हसले ना याला सगळे? तो पोरगा वर गेलेला मला डेलच्या नावावर बघायचाय. एक उन्हाळा. मग तुमचं गाठोडं तुम्हाला लखलाभ!"

तर लिलावाच्या शनिवारी ती डेलचं जॅकेट घालून आली आणि डेलच्या खुर्चीत बसली. नऊ पुरुष एकदम सभ्य झाले. लिलावाआधी प्रमुखाने प्रत्येकाचे राखीव खेळाडू वाचून दाखवायचे, अशी रीत आहे. रॉनीने एकेक संघ वाचला. डेलच्या संघातल्या होतकरूंची नावं दोनच आली.

"तिसरा?" लोर्नाने विचारलं.

"थांब, सांगतो," रॉनी म्हणाला, आणि स्वतःचा संघ वाचायला लागला. शेवटचं नाव तेओ बाप्तिस्ता.

रॉनीने घसा साफ केला. "डेलने तो मला दिला होता. अदलाबदल झाली आमची, दोन अनुभवी खेळाडूंच्या बदल्यात. फोनवर लीगच्या ॲपमध्ये नोंद आहे. हिवाळ्यात कुणी उघडून बघत नाही, म्हणून तुम्हाला माहीत नाही."

"दोन अनुभवी! तुझ्याकडच्या एकेकाला तर उभं राहायला टेकू लागतो!" चेट म्हणाला. "डेलने? शुद्धीत होता का?"

"दाखव," लोर्ना म्हणाली.

रॉनीने फोन पुढे सरकवला. आमच्या लीगमध्ये एकाने मागणी पाठवायची, दुसऱ्याने आपल्या फोनवरून होकार द्यायचा, की झालं. डेलचा होकार होता. खाली तारीख आणि वेळ. लोर्नाने चष्मा लावला आणि वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"हा तर तो रविवार," ती म्हणाली. आवाज बसमधला नव्हता, अगदी खालचा होता. "दुपारचा. तू मला सूप प्यायला पाठवलंस तेव्हाचा."

"तो जागा होता गं तेव्हा. मी विचारलं, तो हो म्हणाला."

"त्याला चमचा धरता येत नव्हता, रॉनी. बोटं सुजून भाकरीसारखी झाली होती. आणि त्याचा फोन त्याच्या अंगठ्याशिवाय उघडत नाही."

रॉनीने फोन स्वतःकडे ओढला.

"मी विचारतेय. अंगठा कुणी लावला?"

"अगं, खेळ आहे हा," रॉनी म्हणाला, आणि सवयीने तिच्या दंडाला हात लावायला गेला. तिने दंड असा मागे घेतला की त्याचा हात हवेत राहिला. "नुसता कागदावरचा खेळ! त्याला कशाची गरज होती आता? पोरगा वाया गेला असता. मी फक्त... मी त्याचा हात धरला, इतकंच."

मरणाऱ्या माणसाचा अंगठा! घरासाठी नाही, जमिनीसाठी नाही, एका कागदी शॉर्टस्टॉपसाठी. मी चोरांना बियर दिलीय, बायकांना मारणाऱ्यांना हाकलून दिलंय, पण असला आयत्या बिळावरचा नागोबा माझ्या बारने आजवर बघितला नव्हता. माझ्या तोंडून काय निघालं ते इथे लिहीत नाही. हॉलच्या भिंतीवर पाद्र्याचाही फोटो आहे.

चेट उठला. तोच चेट, हलुश्कीवाला. खुर्ची मागे पडली ती त्याने उचललीही नाही. "अदलाबदल रद्द. हात वर करा रे," तो म्हणाला. हात वर झाले, काही चटकन, काही शेजाऱ्याकडे बघून. रॉनीचा सोडून सगळे. "झालं. तेओ तुझा, लोर्ना. डेलच्या नावावर. आणि ह्याला लीगमधून काढायचं का, तेही आत्ताच ठरवू."

तिने हातांकडे बघितलंसुद्धा नाही. ज्या नावासाठी ती ते जॅकेट घालून आली होती ते तिला परत मिळालं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ती रॉनीकडे बघत होती.

"मी वर आले तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते," ती म्हणाली. "त्यानंतर तो जागा झालाच नाही. दोन दिवस मी हाका मारल्या. म्हणजे त्याचं शेवटचं जागेपण तुझ्यापाशी गेलं. तुझ्या हातात त्याचा हात होता."

"लोर्ना, मी खरंच..."

"माफी नको मला. एवढं सांग, तो काही बोलला का?"

रॉनीने आधी चेटकडे बघितलं, मग टेबलाकडे. खोटं बोलायला ती चांगली वेळ होती. एखादं गोड वाक्य त्याने बनवलं असतं, तर ती ते आयुष्यभर जपून बसली असती. विमा विकताना आयुष्यभर तेच करत आला तो. नेमकं तेव्हाच त्याला खरं बोलायचं सुचलं.

"पुटपुटत होता काहीतरी," तो म्हणाला. "दोनदा म्हणाला तेच. पण मी फोनमध्ये होतो, लोर्ना. मी ऐकलं नाही."