ओट्याखालचे शंख

पिशवीत विसरलेला एक शंख मेला आणि काल घरभर तोच जुना वास सुटला. तेव्हा स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मुरूडला मी, पोस्टमास्तर आणि कंपाउंडर ओहोटीला वाकून शंख-शिंपले वेचायचो, वहीत त्यांची नोंद करायचो. एका शिमग्यात किराणा दुकानदाराने गळ्यात शिंपल्यांची माळ घालून आमचं सोंग काढलं आणि चव्हाट्यावर ओरडला, "शिंपल्यांचे जावई आले." कंपाउंडरची बायकोसुद्धा हसली. शिमग्यातली चेष्टा धुळवडीला धुऊन टाकायची, हा गावचा रिवाज. आम्ही धुतली नाही. आतलं मांस कुजून गळावं म्हणून जिवंत शंख आम्ही नेहमी वाळूत पुरायचो, ते या वेळी बारा मोठे त्याच्या दुकानाच्या ओट्याखाली पुरले. आठवड्याभरात गिऱ्हाईक फिरकेना. उंदीर मेला असेल म्हणून त्याने कौलं उतरवली, तांदूळ अंगणात ओतला, आणि शेवटी आमच्याकडेच आला. "तुमाला असल्या वासाची सवय हाय, जरा बगा की." आम्ही तिघांनी ओट्यावर उभं राहून सावकाश हुंगलं. "आम्हाला तर काही येत नाही," पोस्टमास्तर म्हणाले. आता पोस्टमास्तर, कंपाउंडर आणि तो दुकानदार, तिघेही गेले. काल खिडक्या उघडताना वाटलं, आता तरी लाज वाटेल. वाटली नाही.