वहिनीचा चांगला रिपोर्ट

मैत्रिणींनो, आज भंडाऱ्याहून परतले ते मन कडू करूनच.

एकोडीच्या माझ्या वहिनीला किडनीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ते नव्या रिपोर्टशेजारी जुना रिपोर्ट ठेवून चक्रावले. "मागच्या वर्षी लघवीत प्रोटीन अजिबात नव्हतं. त्यावरूनच मी धोका कमी आहे म्हणालो. मग किडनी इतक्यात एवढी कशी बिघडली?"

बाहेर बाकावर बसल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "बाई, ते लघवी माही नव्हती. सुनेची होती."

"काहून वहिनी?"

"धानाची रोवणी तोंडावर होती. खराब निघाली असती तं डॉक्टरनं घरी बसवलं असतं. बसून खाणारी सासू कोणाले पायजे?"

त्या रिपोर्टवर आम्ही पेढे खाल्ले होते. वहिनी लगेच धानाच्या चिखलात उतरली होती.

कॉन्व्हेंटच्या होस्टेलातून सुट्टीत घरी आले की हीच माझ्या केसांना तेल लावायची. आज तिच्यावर रागवायला गेले आणि थांबले. तिचे पाय तेव्हाही सुजलेले होते. आम्हाला दिसत होते. पण चांगला रिपोर्टच आम्हाला सोयीचा होता.

तुमच्या घरी कोणाचे पाय सुजलेत, बघितलंत का?