पक्का लाल

मी रंगवलेला लाल धुण्यात कधी सुटला नाही. पलूसजवळच्या रंगखान्यात सुताच्या लडी रंगवण्यात माझी हयात गेली. शाळा चौथीतच सुटली, पण रंगातलं मला कुणी शिकवावं असा माणूस पंचक्रोशीत नव्हता. उरलेलं पाणी मागच्या ओढ्यात जायचं. ओढा कधी लाल, कधी निळा.

गावात एसटीडीचा बूथ नवानवा आला होता, तेव्हा माझी एकुलती पोर सांगलीला कॉलेजात जंतूंचं शिकत होती. थंडीत सुट्टीला आली ती ओढ्यातला काळा गाळ घेऊनच घरात शिरली.

"आबा, ह्यातलं जंतू तुमचा रंग खात्यात. वर हायड्रोजन गॅस सोडत्यात. पेटतो त्यो."

"माझा लाल? खाऊन दाखवा म्हणावं!"

"आन् खाल्ला तर?"

"तर जा मुंबईला पुढं शिकायला. न्हाई खाल्ला, तर औंधची मंडळी बघायला येतील. गुमान पाटावर बसायचं."

चुलीपासनं बायको म्हणाली, "आवं, पोरीवर पैज लावताय का शर्यतीच्या बैलावर?"

पोरीनं बाटलीत माझं लाल पाणी घातलं, गाळ घातला, जंतूंना खायला साखर कारखान्याची मळी घातली. बूच घट्ट लावून नळीला फुगा बांधला आणि बाटली कोनाड्यात ठेवली. लाल हटेना. मी येता-जाता बघून मिशीतल्या मिशीत हसायचो.

एका सकाळी कोनाडा रिकामा. बायकोनं बाटली गोधडीत गुंडाळून बंबाशेजारी ठेवलेली. थंडीत विरजण ठेवतात ना, तशी.

"तू कुणाच्या बाजूची गं?"

"जंतूंच्या. जीव हाय त्यांना. गारठ्यात दही तरी लागतं का?"

गोधडी सोडली, तेव्हा माझा लाल गेला होता. ताकाच्या निवळीसारखं पाणी, आणि फुगा लिंबाएवढा. पोरीनं तो गॅस काचेच्या बारक्या नळीत घेतला, काडी लावली. फट्! बायको दचकली आणि मग लय हसली.

"आता प्यायला चालंल हे?" मी विचारलं.

"न्हाई आबा. रंग गेला, बाकीचं विष अजून काढायचं हाय. म्हणून तर जायचंय."

रंग सुटला तर सुटला, शब्द कसा सोडणार? एसटीत बसवताना विचारलं, "ह्या गॅसवर मोटार चालंल म्हणतीस?"

"चालंल की एक दिवस. धूर न सोडता."

"मग तिच्यातनंच परत ये."

मुंबईहून ती पुढं परदेशात गेली. रविवारी बूथवर फोन यायचा. बायको रिसीव्हर सोडायची नाही. मी बाहेर उभा राहून त्या दोघींचं हसणं ऐकायचो. आता बायकोही नाही. थंडी पडली की ती गोधडी मी बंबाशेजारी आणून ठेवतो, उगीच.

पोर येते, न्हाई असं न्हाई. पाहुण्यासारखी येते, भाड्याच्या मोटारीनं. मोटार दारात धूर सोडत थांबते. मी हातातली काठी सावरत उठतो आणि आधी त्या धुराकडं बघतो. अजून ती मोटार आली नाही.