चाखल्याची वही

वालावलकर साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात म्हणून त्यांच्या सोसायटीने हे पुस्तक काढायचं ठरवलं. नौदलातली मोठी माणसं लिहिणार, परराष्ट्र खात्यातली लिहिणार. मला म्हणाले, सुलभाताई, तुम्हीपण लिहा. मी सात वर्षं साहेबांचा स्वयंपाक केला, त्यातली चार वर्षं परदेशात. मला जे ठाऊक आहे तेवढंच लिहिते.

आमची पहिली ओळख भांडणाने झाली. मी जोगेश्वरीहून अंधेरीला त्यांच्या घरी कामाला लागून आठवडा झाला होता. साहेब दिल्लीहून सुट्टीवर आले, बॅग ठेवली आणि सरळ ओट्यापाशी. एकेक झाकण उघडून चमचाभर चाखू लागले. चाखता चाखता माझ्या डब्यात चमचा घातला.

"तो माझा डबा आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. भाजी कालची आहे."

"मग? खाणार मीच ना?"

"इथे ताजी करता आणि स्वतः कालची खाता? उद्यापासून डबा आणायचा नाही. जे शिजेल ते सगळ्यांनी खायचं."

मला वाटलं, कटकट्या माणूस दिसतो. साहेबांच्या मॅडम हसल्या. "अगं, नौदलाची सवय आहे ती." जहाजावर खलाशांचं जेवण आधी अधिकाऱ्याने चाखायचं, वहीत शेरा लिहून सही करायची, मगच वाढायचं. साहेबांनी नौदलात आठ वर्षं काढली, मग परीक्षा देऊन परराष्ट्र खात्यात गेले, राजदूत झाले, पण ही वही काही सुटली नाही. "मीठ कमी." "डाळ उत्तम." खाली सही. मी रागवायचे. चांगली डाळ चांगली आहे हे लिहून कशाला ठेवायचं?

राजदूत म्हणून नेमणूक झाली तेव्हा साहेब मला बरोबर घेऊन गेले. देशाचं नाव लिहू नका असं त्यांनी बजावलंय. निवृत्त झाले तरी तोंड बंद! तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी माझा पासपोर्ट माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुमच्या कपाटात ठेवा. जावंसं वाटलं तर माझ्याकडे मागायला यायला लागू नये." तिथे दुसऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या बायका मला भेटायच्या. त्यांचे पासपोर्ट मालकांच्या तिजोरीत असायचे. साहेब काय चीज आहेत, ते मला तेव्हा कळलं.

त्याच वर्षी तिथल्या बंदरात एक मालवाहू जहाज अडकलं. मालकाने हात वर केले, आणि आपली अकरा खलाशी मुलं जहाजावर अडकून पडली. खाली उतरायची परवानगी नाही. त्यातली चार आपल्या कोकणातली. सात महिने झाले होते. आमच्या स्वयंपाकघरातून एक दिवसाआड त्यांना जेवण जायचं. साहेब ते पातेलंसुद्धा आधी चाखायचे. मी ड्रायव्हरबरोबर जायचे. देवगडचा एक होता, तो वरून ओरडायचा, "वैनी, जेवण पुरे झाला, आता घराक घेऊन चला गो!"

त्या मुलांना सोडायचा कागद बंदराच्या मंत्र्यांच्या सहीवर अडला होता. साहेबांनी किती फेऱ्या मारल्या त्याला हिशोब नाही. शेवटी मंत्री दुपारच्या जेवणाला यायला तयार झाले. मी तिरफळं घालून माशाची आमटी केली. आमच्याकडे तिरफळं वासापुरती घालतात, ताटात आली तर बाजूला काढतात, कोणी चावत नाही. परदेशी पाहुणे असले की मी ती मोजून घालायचे आणि मोजून काढायचे. त्या दिवशी घाई होती. साहेब चमचा घेऊन आले तर मीच डाफरले, "आज मधे मधे करू नका!" ते गेले. आणि मी तिरफळं काढायला विसरले.

मंत्र्यांनी एक कचकन चावलं. जीभ बधिर, ओठ बधिर. त्यांना वाटलं विषबाधा झाली. जेवण टाकून उठले, गाडीत बसले आणि गेले.

मला समोर ते अकरा जण दिसत होते. दूतावासातले एक अधिकारी लालबुंद होऊन आत आले. "सर, इसको कल की फ्लाइट से वापस भेजिए."

साहेबांनी वही मागितली. त्या दिवसाचं पान कोरं होतं. सगळ्यांसमोर त्यांनी लिहिलं, "आज चाखलं नाही. चूक माझी." खाली सही केली आणि वही त्या अधिकाऱ्यांच्या हातात दिली. त्यांना मराठी येत नव्हती, तर साहेबांनी हिंदीत वाचूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "चला. तिरफळं घ्या थोडी." मंत्र्यांच्या कचेरीत साहेबांनी त्यांच्यासमोर चार तिरफळं तोंडात टाकली आणि सावकाश चावली. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. मग मला म्हणाले, "बोला तुम्ही."

मी म्हटलं, "त्यांना सांगा, माझं चुकलं. पण एवढा मोठा माणूस, ताटात काय आहे ते बघून खाऊ नये? आणि त्या पोरांवर राग काढू नका म्हणावं. त्यांनी आमटी केलेली नाही."

साहेब बधिर जिभेने अडखळत पुष्कळ वेळ बोलले. मंत्री हसायला लागले, मग त्यांनी फाईल मागवली. परत येताना मी विचारलं, "मी म्हटलं तेच सांगितलंत ना?"

"अर्धं," साहेब म्हणाले.

आठवड्याने ती अकरा मुलं आमच्या स्वयंपाकघरात पाटावर जेवायला बसली. साहेबांनी आधी चाखलं, सही केली, मग वाढलं. देवगडच्याने तिरफळं शोधून शोधून काढून ठेवली आणि मला दाखवली. मेला!

साहेबांनी कामं मोठमोठी केली असतील, ती इतर जण लिहितील. आजही रविवारी सकाळी खलाशांच्या बायका कागद घेऊन अंधेरीला त्यांच्या दारात येतात, आणि साहेब त्यांना आधी खुर्ची देतात, मग चष्मा शोधतात. मी आता जोगेश्वरीला स्वतःची खानावळ चालवते. साहेब निवृत्त झाले तेव्हा ती वही मी मागून घेतली. रविवारी डब्याबरोबर ती घेऊन जाते. साहेब चाखतात, लिहितात, "मीठ कमी." डॉक्टरांनीच कमी करायला सांगितलंय, मी साहेबांचं ऐकणार नाही. अक्षर आता मोठं झालंय, सही मात्र तशीच आहे.

ते एक पान सोडलं तर बाकी सगळ्या पानांवर जेवणाचंच लिहिलंय. त्या पानामुळे मी चार वर्षं तिथे राहिले आणि ताठ मानेने घरी आले. वहीत अजून पुष्कळ पानं कोरी आहेत. ती सगळी साहेबांनी स्वतःच्या हाताने भरावीत, ओट्यापाशी स्वतःच्या पायांवर उभं राहून. संपली की मी नवी वही आणीन.