वर्कशॉपमध्ये कधीच न तापणारी बस

"म्याडम, गाडी पुन्हा तापली! आता एक डाव तापली का गजाननजवळची चाबी काढून घेतो मी," बसचे मालक भाऊसाहेब फोनवर कडाडले.

मी बस बनवणाऱ्या कंपनीची सर्व्हिस इंजिनियर. अनसिंगहून पुण्याला जाणारी त्यांची ही बस वाशिमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोनदा तपासली होती. कूलंट, थर्मोस्टॅट, रेडिएटर, फॅन, सगळं ठणठणीत. तिथं ती तापायचीच नाही. मग दोष उरला ड्रायव्हरकडे. गजानन अनसिंगचाच, घरी भाजीपाल्याचा मळा. बसला तो "माही पोरगी" म्हणायचा. चावी गेली असती तर बिचारा खचलाच असता.

इंजिन मागे असलं की समोरचा वारा रेडिएटरला मिळत नाही. बाजूच्या ग्रिलमधून फॅन जेवढी हवा खेचेल, तेवढाच त्या बसचा श्वास. तो नेमका कुठे कोंडतोय, हे काही मला कळेना. शेवटी एका दुपारी कुणालाही न सांगता मी अनसिंग गाठलं.

बस नुकतीच येऊन थांबली होती, इंजिन चालूच होतं. आणि ग्रिलवर हिरवी शेडनेट! मळ्यात रोपांवर टाकतात तीच, दुपदरी करून तारेनं छान शिवलेली. तिच्यात सोयाबीनचा भुसा गच्च बसला होता. मी तिच्यावर एक कागद धरला, तो गळून पडला. नेट काढायला लावली आणि पुन्हा धरला. फटकन चिकटला.

"गजाननभाऊ, हे कशाला लावलं?"

"थ्रेशर चालू हायेत ना म्याडम. सारं कुटार तिच्या नाकात जाऊन राह्यलं होतं. मले पाहवे ना."

"मग वर्कशॉपमध्ये कशी दिसली नाही ही?"

"तिथं तिले धुऊन, नेट काढून आनत होतो. पाहुन्याच्या घरी लेकराले मळक्या कपड्यानं नेते काय कोनी?"

रागवावं की हसावं कळेना. शेवटी हसलेच. खरं सांगते, गाडीवर एवढा जीव लावणारा ड्रायव्हर मला दुसरा भेटला नाही.

भाऊसाहेबांना तिथूनच फोन लावला. म्हटलं, "चावी राहू द्या त्याच्याकडे. फक्त ग्रिल झाडायला एक ब्रश द्या."

सगळं ऐकून ते म्हणाले, "घ्या! म्हंजे लाडानं तापली म्हना."

त्या हंगामात बस पुन्हा तापली नाही. नेट गजाननच्या मेथीवर गेली. मी मात्र तेव्हापासून तक्रार आलेली गाडी वर्कशॉपमध्ये बोलावत नाही. ती न्हाऊनमाखून माझ्याकडे येण्याआधी मीच तिच्या घरी जाते.