काजेतानच्या घरचा पहिला धूर

आमच्या ओबरग्राबन गावात सप्टेंबर सरत आला की माणसं आभाळाकडे बघत नाहीत, शेजाऱ्याच्या धुराड्याकडे बघतात. घर तापवायची भट्टी कुणाची आधी पेटली? जो आधी पेटवील तो नाजूक. जो सर्व संतांच्या सणापर्यंत, म्हणजे नोव्हेंबर उजाडेपर्यंत कळ काढील, तो खरा डोंगरातला गडी. हा येडेपणा कुणी सुरू केला देव जाणे, पण तो पाळण्यात काजेतानचा हात धरणारा कुणी नव्हता.

बरं, सरपणाची ददात होती म्हणावं, तर तेही नाही. लाकूडगिरणीवर उभा जन्म काढलेला माणूस. तळघरात नवीकोरी भट्टी, बाजूच्या कोठीत छतापर्यंत वाळक्या ढलप्या, आणि त्या आपोआप आत सरकवणारा फिरता स्क्रू. बटण दाबलं की थोड्या वेळात सगळं घर ऊबदार. पाहुणा आला की काजेतान त्याला आधी तळघरात न्यायचा, मूठभर ढलप्या त्याच्या हातात द्यायचा आणि कशा खुळखुळतात ते ऐकायला लावायचा. बटण तेवढं दाबायचा नाही. आता असल्या माणसाला काय म्हणावं!

त्याची बायको नोटबुर्गा. तिला सगळे बुर्गीच म्हणतात. अंगानं काटकुळी, बोलणं मोजकं. ऑक्टोबरात स्वयंपाकघरातसुद्धा ती दोन स्वेटर चढवून वावरायची. काजेतान अधूनमधून विचारायचा, "थंडी नाही ना वाजत?" आणि ती नाही म्हणायची. असं विचारल्यावर दुसरं काय म्हणणार बिचारी? दुपारची जेवणं उरकली की ती जपमाळ घेऊन गावच्या छोट्या प्रार्थनामंदिरात जायची, ती तिन्हीसांजेला परतायची. म्हातारपणी बायको देवधर्माला लागली, याचंही काजेतानला कौतुक होतं.

यंदा ऑक्टोबरातच वरच्या कुरणांवर बर्फ पडलं. एकेक करत गावातली सगळी धुराडी धुरावली, काजेतानचं सोडून. रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर झेन्झीच्या खाणावळीत नेहमीच्या टेबलावर मंडळी जमली, तेव्हा स्वारी भलतीच खुशीत होती. शेजारच्या एंगेलबर्टला त्यानं डिवचलं, तुझी भट्टी तर म्हणे महिनाभर धगधगतेय, दुलईत घालून ठेव स्वतःला. एंगेलबर्ट हसला नाही. ग्लासात बघत बसला. बाकीचेही मूग गिळून बसले.

काजेतानला वाटलं, हरले सगळे. त्याला आणखीच चेव आला. "आणि आमची बुर्गी बघा," तो म्हणाला. "एका शब्दानं तक्रार नाही. तिला थंडी वाजतच नाही."

झेन्झी बिअर ठेवायला आली होती. तिनं ग्लास टेबलावर जरा जोरातच ठेवला.

"पुरे कर, काजेतान. तुझी बुर्गी रोज दुपारी एंगेलबर्टच्या भट्टीपाशी जाऊन बसते. तुला सोडून सगळ्या गावाला ठाऊक आहे."

त्यानं एंगेलबर्टकडे पाहिलं. एंगेलबर्ट पुटपुटला, कित्येक वर्षं बसतेय, माझ्या बायकोनं, फ्रीडानं, तिला खुर्ची काढून दिलीय, तू मनाला लावून घेऊ नकोस. म्हणजे इतकी वर्षं तो या टेबलावर फुशारक्या मारत होता आणि समोरचे सगळे हे मनात ठेवून ऐकून घेत होते! काजेतानचे कान तापले. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. बिअर तशीच टाकून तो उठला.

घरी जेवण झाकून ठेवलेलं होतं, बुर्गी नव्हती. तो तसाच एंगेलबर्टच्या घरी गेला. फ्रीडानं दार उघडलं, त्याचं तोंड बघितलं आणि काही न विचारता तळघराकडे बोट केलं.

भट्टी मंद घुमत होती. तिच्याजवळ गादी घातलेल्या खुर्चीत बुर्गीला डोळा लागला होता. कोट खुंटीला, दोन्ही स्वेटर घडी करून मांडीवर, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. गाल लाल झाले होते. उन्हाळा सरल्यापासून काजेतानला तिचे उघडे हात दिसले नव्हते, आणि ते दिसले नाहीत हे त्याला आत्ता कळत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. परत फिरावं असं एकदा मनात आलं.

त्याच्या पायाखाली ढलपी मोडली आणि ती जागी झाली. दचकली नाही. फक्त बाह्या खाली ओढू लागली.

"राहू दे," तो म्हणाला. "घरी चल. मी पेटवतो." मग त्याला राहवलं नाही. "मला सांगायचं नाही का गं? एका शब्दानं तरी?"

"सांगितलं असतं तर तू पेटवली असतीस," बुर्गी म्हणाली. "तेवढा वाईट नाहीस तू. पण मग रविवारी चार माणसांत सांगायला तुझ्याजवळ दुसरं होतं काय?"

तिच्या बोलण्यात राग असता तर त्यानं तो सोसला असता. राग नव्हता. काजेतानला नजर कुठं ठेवावी ते कळेना. टोपी हातात घेऊन तो भिंतीला टेकून उभा राहिला. बुर्गीनं त्याचा हात धरून पाहिला.

"गारठलायस की," ती म्हणाली. उठली, आणि आपली खुर्ची त्याला दिली.